काचेआडची कानबाई

कोकिळाबाई बोरसेंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी शाळेत रुजू झाले त्याच दिवशी. शेवटचा कधी घेतला ते सांगता येणार नाही, कारण अजूनही घेत असतील.

उधन्याची आमची शाळा मराठी माध्यमाची. पोरं बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची. घरी अहिराणी, वर्गात मराठी, मैदानात गुजराती आणि भांडताना हिंदी, असा त्यांचा कारभार. मी जालन्याकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे सुरतेत आलेली. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले तर कोपऱ्यातल्या खुर्चीत एक उंच, काटक बाई पाठ भिंतीला टेकवून बसलेल्या. पाठ भिंतीला का, हे मला पुढे कळलं. मागून कोणी यायला नको म्हणून.

"कोणाच्या ओळखीनं आल्या?" त्यांनी विचारलं.

"ओळखीनं नाही. परीक्षा देऊन आले."

"परीक्षा तर सगळेच देतात," त्या म्हणाल्या आणि माझ्या पिशवीकडे बघत राहिल्या.

बाई गणित शिकवायच्या. पोरांचं उत्तर बरोबर आलं की त्यांना जास्त संशय. "आलं कसं ते सांग." पोरगं सांगायला लागलं की "शेजारच्याचं बघून सांगतोस की स्वतःचं?" असं करत करत एकेका पोराला त्या असं काही पिळायच्या की ते पोरगं गणित जन्मात विसरत नसे. वर्गाचं दार बंद करून कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत यायचं आणि तिसऱ्यांदा ओढायचं. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आत फळा आणि बाकडी आहेत, कोण नेणार?" तर म्हणाल्या, "न्यायला काय, माणसं काहीही नेतात. आणि नेलं नाही तरी नेलं म्हणतात." हे दुसरं वाक्य मी त्या वेळी नीट ऐकलंच नाही.

त्यांची खरी ख्याती गोळ्यांच्या दिवशी. सरकारकडून पोरांना लोहाच्या गोळ्या यायच्या. जेवणानंतर एकेकाला द्यायच्या. बाकीच्या शिक्षिका हातावर गोळी ठेवून मोकळ्या. पोरं ती गालात धरून बाहेर जायची आणि भिंतीपलीकडे थुंकायची, हे सगळ्यांना ठाऊक. कोकिळाबाईंच्या वर्गात ते चालायचं नाही. रांग लागायची. गोळी, वर पाणी, आणि मग बाईंचा हुकूम, "आ कर." पोरगं आ करायचं. बाई वाकून आत बघायच्या. उजवा गाल, डावा गाल. "जीभ वर." जिभेखाली. मग "हं. पुढचा." पंचेचाळीस पोरांची तोंडं त्या अशी तपासायच्या आणि त्यात त्यांना जराही कंटाळा येत नसे. मी एकदा म्हटलं, "बाई, विश्वास ठेवावा हो लेकरांवर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गोळी न गिळता उभी आहे असं मलाच वाटलं.

माझ्या बाळंतपणानंतर मी रजेवरून परत आले तेव्हा आईने पाठवलेले डिंकाचे लाडू सगळ्यांना वाटले. कोकिळाबाईंनी लाडू घेतला, वास घेतला, अर्धा मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही खा." मला राग आला. एवढं काय मेलं विष घातलंय का? पण खाल्ला. मग त्यांनी स्वतःचा अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय. आईला सांगा." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कार होता, हे कळायला मला बराच काळ गेला.

एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं आणि विचारायची छाती कोणाची नव्हती. खानदेशातली माणसं सुरतेत कानबाईचा सण काय जोरात करतात! श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरांत कानबाई बसते. नारळालाच देवी मानायचं, त्याला चांदीचे डोळे, नथ, कुंकू, साडी, आणि रात्रभर गाणी. उधन्याच्या गल्ल्या त्या दिवशी पोळ्यांच्या वासानं भरून जातात. आमच्या शाळेतल्या सगळ्या खानदेशी बायका त्या दिवशी एकमेकींच्या घरी जायच्या. कोकिळाबाई मात्र दाराला आतून कडी लावून घरात बसायच्या. "आमच्याकडे नसते," एवढंच सांगायच्या. बोरसे आडनावाच्या घरी कानबाई नसते म्हणजे काय, असं बाकीच्या आपसात कुजबुजायच्या आणि बाई स्टाफरूममध्ये आल्या की गप्प बसायच्या.

त्या वर्षी आषाढात आम्ही सातवीची पोरं घेऊन कतारगामला गेलो. तिथं एका थोर गुजराती लेखकाचं राहतं घर जपून ठेवलेलं आहे. नाव मी घेत नाही, कारण कोकिळाबाईंनी ते कधी घेतलं नाही. त्या 'लेखकबाबा' म्हणायच्या. सहल ठरली तेव्हा त्या यायला तयार नव्हत्या. मग अचानक म्हणाल्या, "येते. काय काय मांडून ठेवलंय ते बघू तरी."

हिऱ्याच्या कारखान्यांच्या गर्दीत मधेच ते जुनं दुमजली घर, लाकडी खांबांचं, पुढे ओटा. ट्रस्टचे व्यवस्थापक रमणभाई स्वतः दाखवायला आले. गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या सदऱ्याचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते भक्तिभावाने सांगत होते आणि आमच्या बाई त्यांच्या मागे मागे संशय घेत चालल्या होत्या.

"या पलंगावर लेखकश्री झोपत."

"उंची किती होती त्यांची?" बाईंनी विचारलं.

"सहा फूट. भव्य माणूस!"

"मग या पलंगावर पाय कुठे ठेवायचे?"

पोरं खिदळली. रमणभाई म्हणाले की महापुरुष पाय दुमडून झोपत. पुढे दौत आली. बाई म्हणाल्या, "आतली शाई ओली कशी?" चष्मा आला. "प्रत्येक स्मारकात चष्मा असतोच. एवढे चष्मे येतात कुठून?" झुला आला. बाईंनी दोरीपलीकडे हात घालून त्याची कडी चाचपली. "ही कडी नवी आहे. जुनी पितळेची होती."

रमणभाई थांबले. "तुम्हाला काय माहीत, बेन?"

बाई जिन्याकडे चालू लागल्या. मलाही त्या क्षणी वाटलं, हे यांना कसं माहीत?

वरच्या मजल्यावर एका खोलीत काचेची कपाटं होती. लेखकाला मिळालेल्या भेटी, त्यांनी जमवलेल्या वस्तू. मी पोरांना रांगेत उभं करत होते. बाई पुढे गेल्या होत्या आणि बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. ही नवलाईची गोष्ट होती. मी वळून पाहिलं. त्या कोपऱ्यातल्या कपाटापुढे उभ्या होत्या. आत लाल कापडावर एक जुना, काळपटलेला नारळ. चांदीचे दोन डोळे बसवलेले. नाकाच्या जागी नथ, तिच्यात निळा मणी. खाली गुजरातीत पाटी, 'आदिवासी लोककला. लेखकश्रींच्या संग्रहातून.'

"रमणभाई," बाई म्हणाल्या. "हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"लेखकश्रींना कलेची आवड. डांगच्या आदिवासी भागातून आणलं असेल."

"असेल?"

"घर उघडलं तेव्हा वरच्या माळ्यावर सापडलं, कापडात बांधलेलं. तज्ज्ञांनी पाहून पाटी लिहिली."

बाईंनी कपाटाच्या काचेला हात लावला आणि लगेच काढला. मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "चला, खाली. रांगेत." जिन्यावर मी दंड धरला तर त्यांनी धरू दिला.

बाहेर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. एरवी लारीवर बाई चहा घेत नसत. घेतलाच तर पेला कुठल्या पाण्यात विसळला ते बघून. त्या दिवशी त्यांनी समोर आला तो पेला उचलला आणि घटाघटा प्यायल्या. मी घाबरले. पोरं ओट्यावर डबे उघडून बसली होती. बाई हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की त्यांची आई, यमुनाबाई, या घरात स्वयंपाकाला होती.

लेखकबाबांना बाजरीची भाकरी आवडायची, ती खानदेशी हातची. यमुनाबाई रोज उधन्याहून चालत यायच्या, लहानगी कोकिळा बरोबर. ती झुल्याच्या पितळी कडीला लोंबकळायची. घरी लेखक असतो म्हणजे काय करतो हे तिला कळत नसे. दिवसभर नुसता बसून असतो एवढंच दिसायचं.

बोरसेंच्या घरची कानबाई पिढ्यानपिढ्या तीच. दरवर्षी नवा नारळही बसवायचा, तो विसर्जन करायचा, पण जुना घरात ठेवायचा. गावाकडून सुरतेत येताना यमुनाबाईंच्या थोरल्या जावेने, म्हणजे कोकिळाबाईंच्या मोठ्या मायने, तो पोटाशी धरून आणला होता. एका वर्षी तिच्या खोलीला गळती लागली म्हणून कानबाई यमुनाबाईंच्या खोलीत आली. त्याच पावसाळ्यात तापीला रेल आली. सुरतेत पुराला रेल म्हणतात. पाणी चढताना कळेना कुठे जावं. दोन्ही खोल्या सखल भागात. यमुनाबाईंनी कानबाई फडक्यात बांधली आणि जिथं वरचा मजला होता अशा एकाच घरी नेऊन ठेवली. लेखकबाबांच्या.

"पाणी उतरलं तोवर लेखकबाबांना त्यांच्या मुलानं मुंबईला नेलं होतं," बाई म्हणाल्या. "घराला कुलूप. ते तिकडेच वारले. मग मुलामुलांत वाद, घर वर्षानुवर्षं बंद. आई किती वेळा आली इथं! ओट्यावर बसायची. मुलगा एकदा आला होता, त्याला सांगितलं तर म्हणाला, एका नारळासाठी घर उघडू का?"

"आणि घरचे?"

"घरचे काय म्हणणार? आपली कानबाई कोणी परक्याच्या घरी ठेवतं का? गुजराती माणसाच्या माळ्यावर? कोणतीच खानदेशी बाई ठेवणार नाही. म्हणजे ही खोटं बोलते. म्हणजे हिनं चांदीचे डोळे आणि नथ विकली. मोठी माय सगळ्या भाऊबंदांत सांगत फिरली, यमुनानं कानबाई विकी खादी. मला दोन स्थळं आली होती, दोन्ही तिनंच मोडली. चोट्टीची पोर म्हणून."

बाईंनी रिकामा पेला हातात फिरवला.

"त्याच महिन्यात मला नव्या चपला आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, लेखकबाबांनी जाण्याआधी दिले पैसे. मी म्हटलं, असेल. तोंडानं म्हटलं. मनात कधी विश्वास बसला नाही. आई मरेपर्यंत बसला नाही. शेवटी शेवटी तिनं माझ्याकडे बघून विचारलं होतं, तुले तरी खरं वाटस ना? मी म्हटलं, हो. तिला कळलं असणार. मला कोणी खोटं बोललं की कळतं, तिचीच पोर आहे मी."

मग माझ्या लक्षात आलं की ही बाई जगभर संशय घेत फिरते तो सगळा त्या एका संशयावर पांघरूण घालायला. मला फार वाईट वाटलं. आणि जरा लाजही वाटली की मी त्यांच्या नकला करून स्टाफरूममध्ये हसवत असे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी परत गेलो. रमणभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बेन, आवुं तो घणा कहे छे. असं तर पुष्कळ लोक म्हणतात. एक गृहस्थ येऊन झुला मागत होते. पुरावा काय?"

पुरावा! हा प्रश्न आजवर बाई दुसऱ्याला विचारत आल्या होत्या.

"निळा मणी आहे नथीत," त्या म्हणाल्या.

"तो मी पण बघतोय, बेन. काचेतून सगळ्यांनाच दिसतो."

रस्त्यात बाई मला म्हणाल्या, "बरोबर बोलला तो. निळा मणी शंभर नथींत असेल. मी केवढी होते तेव्हा? मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं नसेल कशावरून?" स्वतःवरसुद्धा त्यांनी संशय सोडला नाही. उलट तिथं जास्त घेतला.

कानबाईला स्वतःच्या हातानं सजवलेलं एकच माणूस आता जिवंत होतं. मोठी माय. सुरतेबाहेर कामरेजला नातवाकडे राहत होती. जिनं आयुष्यभर चोर ठरवलं तिच्याच दारात पुरावा मागायला जायचं होतं. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही चला. विचारायचं तुम्ही. मी विचारलं तर बोलता बोलता माझ्याकडून काहीतरी सुचवलं जाईल. पेपर फोडल्यासारखं होईल."

कामरेजला पोचलो. मोठी माय खाटेवर बसलेली, बोळक्या तोंडाची, पण नजर तीच, बोरसेंची. आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कोन शे?"

"मी कोकिळा. यमुनानी पोर."

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाणीही विचारलं नाही. बाई दारातच उभ्या राहिल्या. मी खाटेशेजारी बसले आणि इकडचं तिकडचं बोलत मुद्द्यावर आले. "आजी, मी जालन्याकडची. आमच्याकडे कानबाई नसते. तुमच्या घरची कशी होती हो?"

देवीचं नाव निघालं आणि म्हातारीचा चेहरा हळूहळू आमच्याकडे वळला. तिनं सांगितलं, नथ कुठल्या सोनाराकडची, नेसवायचं लुगडं कुठल्या रंगाचं, गाणी कोण म्हणायचं. मग डोळ्यांवर आली. "एक डोया पडी गया व्हता गावले. सासूनी पायमधली मासोयी काढी, ठोकीसन दुसरा डोया करा. त्यावर मासोयीनी नक्षी तशीच ऱ्हायनी." पायाच्या बोटातली मासोळी ठोकून दुसरा डोळा केला होता, आणि तिची खवल्यांची नक्षी त्या डोळ्यावर तशीच राहिली होती.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी मला दाराबाहेर ओढलं.

"त्या काचेत, त्या डोळ्यावर काही होतं?"

"रेघा होत्या," मी म्हटलं. "मला मळ वाटला."

"नक्की? की आता ऐकलं म्हणून म्हणता?"

"नक्की."

"शपथ घ्या."

घेतली. काय करणार? मग बाई आत गेल्या आणि म्हातारीपुढे उभ्या राहिल्या. "मोठी माय, एका ठिकाणी कानबाई आहे. आपली आहे का, ते तुम्ही बघून सांगा. मी काही सांगणार नाही."

म्हातारी माझ्याकडे वळली. "हाई माले फसाडी ऱ्हायनी," असं म्हणाली. ही मला फसवते आहे. मला त्या परिस्थितीतही हसू आलं. घराणंच एक!

पण ती आली. कानबाईच्या रविवारी आली. नातवानं रिक्षा करून दिली. आम्ही तिला धरून कतारगामच्या त्या जिन्यावरून एकेक पायरी वर नेलं. बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता, वरून फडकं बांधलेला. रमणभाई जुडगा घट्ट धरून मागे. ही तीन बायकांची टोळी कपाट फोडून पळणार आहे अशी त्यांची खात्री झालेली दिसली.

म्हातारी कपाटापुढे बसली. चष्मा पुसला, काचेला नाक लावलं. खालून ट्रकचे हॉर्न येत होते. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम खिडकीकडे बघत होत्या. काय उत्तर येणार? 'नाही' आलं असतं तर? ही म्हातारी इतकी वर्षं जे बोलली ते आता खोटं ठरवायला तयार होईल का? आपली देवी ओळखूनही ती नाही म्हणू शकत होती. मला तिचा अजिबात भरवसा वाटत नव्हता.

"उजेड करा," म्हातारी म्हणाली. रमणभाईंनी टॉर्च आणला. उजेड डोळ्यावर पडला, आणि त्या डोळ्यावरच्या बारीक रेघा एकदम दिसल्या. खवल्यावर खवलं, स्पष्ट.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. मग म्हणाली, "हाईच शे." आणि काचेकडेच बघत, "यमुनानं खरं सांगेल व्हतं."

बाई वळल्या नाहीत. खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या. रमणभाई मात्र एकदम हळवे झाले. म्हणाले, ट्रस्टपुढे ठेवतो, पाटी बदलू, यमुनाबेनचं नाव घालू. हवी असेल तर मूर्ती परत देण्याचंही बघू.

"बदलाल तेव्हा खरं," बाई म्हणाल्या. "आणि परत नको."

"नको?" मी चमकले. "अहो, एवढं सगळं कशासाठी केलं मग?"

"घरी नेली की कोणाच्या घरी बसवायची यावरून भाऊबंद भांडतील. मग कोणीतरी म्हणेल, कोकिळानं डोळे बदलले. इथं काच आहे, कुलूप आहे, येणारा जाणारा बघतो." त्यांनी पुढे होऊन कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. दोनदा ओढलं. "फक्त हे कुलूप जरा चांगलं घ्या, रमणभाई."

मग त्यांनी फरशीवर बसून डबा उघडला. आत रोट होता. कानबाईच्या दिवशी गव्हाचा रोट करतात. घरातल्या पुरुषांच्या नावानं गव्हाच्या मुठी मोजून घ्यायच्या, आणि तो रोट फक्त घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही. ज्याच्याशी रोट तुटला तो घरचा राहिला नाही असं समजतात. यमुनाबाईंशी रोट तुटला होता त्या रेलेच्या वर्षीच.

"आमच्या घरात पुरुष कोणी नाही," बाई मला म्हणाल्या, जणू मी हरकत घेतली होती. "एक मूठ आईच्या नावानं घेतली, एक माझ्या."

रमणभाई दबक्या आवाजात म्हणाले की वर खायला मनाई आहे. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते टॉर्च बंद करून जिन्याकडे सरकले. मीही उठले. रोट माझा नव्हता, आणि तिथं बसणं बरं नव्हतं.

बाईंनी रोटाचा तुकडा मोडून काचेपुढे ठेवला, हात जोडले. दुसरा तुकडा मोडला आणि म्हातारीपुढे धरला. म्हातारीनं तो हातात घेतला. इतका वेळ धरून ठेवला की मला वाटलं, आता पदरात बांधेल आणि बाहेर जाऊन गटारात टाकेल. बाईंनाही तेच वाटलं असणार. पण म्हातारीनं तो तोंडात घातला आणि बोळक्यानं हळूहळू चघळत राहिली. कोकिळाबाई तिच्या गळ्याकडे एकटक बघत होत्या, घास उतरतो की नाही ते.

"गियी लिधं वं," म्हातारी म्हणाली. गिळलं गं.

"आ करा," कोकिळाबाई म्हणाल्या.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. मला वाटलं, आता म्हातारी भडकणार. पण तिनं मान वर केली आणि आ केला. बाईंनी वाकून आत पाहिलं. उजवा गाल पाहिला, डावा गाल पाहिला. म्हातारीनं न सांगता जीभ वर केली.

त्या वर्षअखेरीस बाई निवृत्त झाल्या आणि म्हातारीची देखभाल करायला कामरेजला राहायला गेल्या. मला त्या आठवतात तेव्हा शाळेतल्या बाई दिसत नाहीत. मला ती खोली दिसते. रविवारची दुपार, काचेआड कानबाई, आणि तिच्यापुढे फरशीवर बसलेल्या या दोघी. म्हातारी तोंड उघडून बसली होती, बाई पुरे म्हणतील म्हणून वाट बघत. आणि कोकिळाबाईंना पुरे म्हणता येत नव्हतं, कारण त्या हमसून हमसून रडत होत्या.